दांडी तांड्यावर, कपाट दारव्ह्यात

दारव्ह्याच्या बसस्टँडवरून बाजाराकडे निघालं की एका ठिकाणी रस्त्याची माती संपते आणि तेलाने काळी झालेली जमीन सुरू होते. तिथून कय्युम मिस्त्रींचं राज्य. वर टिनाचं छप्पर, खाली बंजारा तांड्यांवर सवाऱ्या नेणाऱ्या दोन-चार जीपा, आणि त्यातल्या एखादीखालून बाहेर आलेले दोन पाय. पाय मिस्त्रींचे असले तर जीपखालून भाषणही ऐकू येतं, कारण बोलल्याशिवाय मिस्त्रींच्या हातून नट सुटत नाही. गिअरबॉक्स, सरकार, शुगर, जावई, कोणत्याही विषयावर त्यांचं मत तयार असतं. पण विषय कुठूनही निघो, मुक्काम ठरलेला. तो म्हणजे त्यांच्या घरचं कपाट.

"कपाट म्हन्जे साधं कपाट नाही बाप्पा," पाय सांगतात. "बाजा आहे. विलायती. लोकाइच्या बाज्याले भोंगा बाहीर राह्यते, आमच्याले पोटात आहे!"

सवारी नवखी असली तर ऐकत थांबते. रोजची असली तर चहाला निघून जाते.

कपाट आहे खरं पाहण्यासारखं. माणसाच्या छातीइतकं उंच, चार बाकदार पायांवर उभं. वरचं झाकण उचललं की आत ग्रामोफोनची तबकडी फिरवायची गोल थाळी. मिस्त्रींच्या घरात तबकडीला तवा म्हणतात. पुढच्या अंगाला दोन लहान दारं, त्यांच्यामागे लाकडी भोंगा. आवाज मोठा हवा तर दारं उघडायची, शेजारी आजारी असला तर लावून घ्यायची. त्याच्याखाली तवे ठेवायचा कप्पा. आणि उजव्या कुशीत एक भोक, ज्यात दांडी घालून चावी द्यायची. विजेशी काही देणंघेणं नाही, त्यामुळे दारव्ह्यात लाइन गेली तरी बाज्याला पत्ता लागत नाही.

हा बाजा शंभरेक वर्षांपूर्वी इथल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या गोऱ्या साहेबानं मागवला. मुंबईहून मुर्तिजापूरपर्यंत मोठ्या गाडीनं आणि तिथून पुढे शकुंतला नावाच्या छोट्या आगगाडीनं तो आला. मिस्त्री सांगतात त्याप्रमाणे बाज्याच्या वजनानं शकुंतला कारंज्याच्या पुढे चढावर थांबली आणि सवाऱ्यांनी उतरून तिला धक्का दिला. याला पुरावा काही नाही. पण ज्यांनी शकुंतलेतून प्रवास केलाय, त्यांना शंकाही येत नाही.

पुढे साहेब मायदेशी निघाला आणि त्याच्या सामानाचा लिलाव झाला. मिस्त्रींचे आजोबा त्याच जिनिंगमध्ये फिटर होते. बाज्यावर त्यांचा जीव, पण एकट्याच्या खिशाला तो परवडणारा नव्हता. जीव आणखी एका माणसाचा होता. जवळच्या तांड्यावरचा हिरासिंग. तो बैलगाडीनं जिनिंगला कापूस आणायचा आणि गाडी खाली होईपर्यंत साहेबाच्या खिडकीखाली बसून गाणी ऐकायचा. दोघांनी मिळून बोली लावली आणि बाजा दोघांचा झाला. आता ठेवायचा कुठं? कपाटाचे दोन तुकडे तर होत नाहीत. हिरासिंगच्या घरची जमीन शेणामातीची, कपाट तिरपं उभं राहिलं तर सुई घसरणार. फिटरच्या घरी फरशी होती, म्हणून कपाट दारव्ह्यात राहिलं.

"मंग माह्याकडं काय राह्यलं?" हिरासिंगनं विचारलं.

फिटरनं कुशीतली दांडी उपसून त्याच्या हातावर ठेवली. "हे घे. हिच्याबिगर कपाट मुकं आहे. तू आल्याशिवाय मी वाजवीन कसा?"

झालं, एवढीच लिखापढी. तेव्हापासून तीन पिढ्या हा रिवाज चालला. ईदला तांड्यावरून लाल कापडात गुंडाळलेली दांडी यायची. ज्यानं दांडी आणली त्यानंच चावी द्यायची, घरवाल्यानं हात लावायचा नाही. होळीला कपाट बैलगाडीत बसून तांड्यावर जायचं. पुढे बैलगाडीची जीप झाली. दोन्ही घरांतल्या लग्नात बाजा वाजला नाही असं कधी झालं नाही. अमिनाबी, म्हणजे मिस्त्रींची बायको, या घरात नवरी म्हणून आली तेव्हा तिनं नवऱ्याचा चेहरा नंतर पाहिला, हिरासिंगच्या मुलाच्या हातातली दांडी आधी पाहिली. हे ती स्वतः सांगते.

सध्याच्या पिढीत दांडी हिरासिंगच्या नातवाकडे, धरमसिंगकडे आहे. मिस्त्री आणि धरमसिंग एकाच वयाचे, लहानपणी कपाटाच्या खालच्या कप्प्यात लपून बसायला दोघांत भांडणारे. आता दोघांची पोटं अशी की कप्प्यात एकाचा पायसुद्धा मावणार नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या ईदला या सगळ्याचा विचका झाला.

शिरखुर्मा वाटून झाला होता, ओसरी भरली होती, धरमसिंग चावी देत होते. एकदम आत फाट्‌कन आवाज झाला, दांडी हातात उलटी फिरली आणि बाजा गप्प झाला. स्प्रिंग तुटली होती. शंभर वर्षांची पोलादी पट्टी, कधीतरी तुटायचीच. दोघांनी हळहळ करून चहा घेतला असता तर विषय तिथंच मिटला असता. पण धरमसिंग मनगट चोळत म्हणाले, "मिस्त्रीनं तेल नाही घातलं वाटते."

मेकॅनिकला दुसरं काहीही म्हणावं. तेल घातलं नाही, असं चार लोकांत म्हणू नये. मिस्त्रींचं डोकं सणकलं आणि तोंडातून निघून गेलं, "बैलं हाकनाऱ्या हाताले मशीन काय समजन?"

शब्द बाहेर पडला तेव्हाच मिस्त्रींना कळलं की हे वाईट झालं. कपाट लिलावातून या घरात आलं ते हिरासिंगच्याच बैलांच्या गाडीतून. धरमसिंग उलटून बोलले असते तरी चाललं असतं. त्यांनी दांडी लाल कापडात गुंडाळली, शिरखुर्म्याची वाटी अर्धी ठेवली आणि निघून गेले. मिस्त्रींना त्यांचं जाणं लागलं, अमिनाबींना अर्धी वाटी लागली.

त्यानंतर बोलणं बंद. अर्थात पुरुषांचंच. अमिनाबी आणि धरमसिंगच्या घरच्या चंदाबाई रोज फोनवर बोलत होत्या, तिकडून तुरीची डाळ येत होती, इकडून लोणचं जात होतं. धरमसिंगचा मुलगा बादल सवारी जीप चालवायचा आणि जीप बिघडली की मिस्त्रींकडेच आणायचा. मिस्त्री ती दुरुस्त करायचे, तेल जरा जास्तच घालायचे आणि जीपच्या टपाला उद्देशून म्हणायचे, "सांगजो कोनाले विचारायचं असन त्याले, इथं तेल घालतेत."

स्प्रिंगही त्यांनी बदलली. नागपूरच्या जुन्या बाजारातून तशीच पट्टी आणली, मोटर खोलली, ग्रीस इतकं भरलं की फरशीवर थेंब पडायला लागले. पण वाजवून पाहता येईना, कारण दांडी तांड्यावर.

आता कोणीही म्हणेल, जो माणूस जीपचा एक्सल सरळ करतो त्याला हातभर लोखंडाची दांडी बनवायला कितीसा वेळ? चहा थंड व्हायच्या आत बनेल. तीच तर गोष्ट होती. मिस्त्रींच्या आजोबांना बनवता येत होती, वडिलांना येत होती, कोणी बनवली नाही. वडील सगळं काम शिकवून गेले आणि एवढं एक करू नको म्हणून गेले.

मग नात मेहनाजचं लग्न निघालं. लग्न म्हणजे घराला रंग. नागोराव पेंटर पिस्ता रंगाचे डबे घेऊन आले. भिंती झाल्या, दारं झाली, संडासाचं दार झालं, आणि अमिनाबींची नजर कपाटावर गेली.

"पूरं घर नवं अन् हे असं काळं भुंड? उमरखेडची वरात येईन, काय म्हनतीन? नागोराव, यालेबी मारा."

नागोराव हात राखून काम करणारा माणूस नाही. त्यांनी जुनं पॉलिश घासून काढलं, फटी, खिळे, भोकं, जे दिसलं ते लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, बुजवलं आणि वरून ऑइल पेंटचे दोन हात दिले. मिस्त्री संध्याकाळी घरी आले तेव्हा भिंत कुठं संपते आणि कपाट कुठं सुरू होतं ते कळेना. त्यांनाही ते आवडलं. खोटं कशाला बोला, त्यांना फारच आवडलं.

लग्नाला चंदाबाई आल्या, बादल आला. धरमसिंगांचं पोट दुखत होतं म्हणे. उमरखेडचा एक पाहुणा म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या बाज्याचं लय नाव ऐकून आहो, होऊन जाऊ द्या." मिस्त्री म्हणाले, "काम चालू आहे त्याचं." या घरातलं मुकं गेलेलं हे पहिलंच लग्न. त्या लाजेत, वरात गेल्यावर पाच-सात दिवसांनी, मिस्त्रींनी गॅरेजमध्ये एक जुना रॉड तापवला, वाकवला, टोकाला खाच पाडली, लाकडी मूठ बसवली. सुंदर दांडी झाली. पेपरात गुंडाळून घरी आणली, कपाटासमोर उभे राहिले, आणि हात पुढे होईना. वडिलांनी मागून बघावं तसं वाटलं. शेवटी दांडी पेपरासकट खालच्या कप्प्यात, अमिनाबींच्या पापडांच्या डब्यामागे सरकवली आणि जेवायला बसले. कोणाला काही सांगितलं नाही.

वर्ष निघून गेलं. मग धाकटी नात फिजा, कॉलेजात जाणारी, तिनं कपाटाचा फोटो मोबाइलवर टाकला. दोन दिवसांत नागपूरहून फोन. अर्पिता नावाच्या बाई. जुने बाजे जमवायचा त्यांना नाद होता.

"काका, उभ्या कपाटाचं हे मॉडेल आपल्याकडे फार कमी उरलंय," त्या म्हणाल्या. "मला येऊन बघायचंय. पूर्ण आहे ना? हँडल आहे?"

"आहे," मिस्त्री म्हणाले. खोटं नव्हतं. होतंच, तांड्यावर.

फोन ठेवला आणि मिस्त्रींना आनंद झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. दोन वर्षांत धरमसिंगला बोलवायला पहिल्यांदा कारण सापडलं होतं, आणि त्यात माफी मागायची गरज नव्हती. बाईंचं काम आहे, दांडी लागते, बस. आला तर आपोआप गोड होईल. नाही आला तर मात्र कळून चुकेल की आता तो कधीच येणार नाही. हा विचार त्यांनी लगेच झटकला आणि बादलला गाठलं.

"तुह्या बापाले सांग, नागपूरची मॅडम येऊन राह्यली रविवारी. दांडी पाठवून दे."

दुसऱ्या दिवशी बादलनं उत्तर आणलं. "बाप म्हने, दांडीले काय पाय आहे का? एकटी कशी येईन?"

"मंग त्याले म्हन, ज्याले पाय आहे त्यानं आनावं."

"बाप म्हने, मले कोनी बोलावलं नाही."

"अरे मंग हे काय करून राह्यलो मी?"

"चाचा," बादल कंटाळून म्हणाला, "तुमी दोघं फोन काहून नाही घेत एकमेकाचा? माह्या जीपचं डिझेल जाऊन राह्यलं."

रविवार आला. अर्पिताताई आल्या, चष्मा, झोळी, हातात छोटी बॅटरी. अमिनाबींनी सकाळपासून कपाट ओल्या फडक्यानं पुसून चकाकवलं होतं. ताई दारातून आत आल्या, कपाट पाहिलं आणि तिथंच थांबल्या. तोंडावर हात गेला.

"रंग... रंग कोणी दिला?"

"दोन हात दिले," अमिनाबी अभिमानानं म्हणाल्या. "ऑइल पेंट हाय. धुता येते."

ताई समंजस होत्या. रडल्या नाहीत. खुर्चीवर बसून पाणी प्यायल्या आणि समजावून सांगू लागल्या. सुरुवातीला या बाज्यांना भोंगा बाहेर असायचा. भलंमोठं पितळी फूल, धूळ खायचं, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्याला लागायचं. श्रीमंतांच्या बायकांना ते दिवाणखान्यात नको झालं, तेव्हा कंपन्यांनी भोंगा कपाटात लपवला आणि बाजा फर्निचरमध्ये जमा झाला. मग रेडिओ आला आणि ही कपाटं अडगळीत गेली. कोणी आतलं काढून कपडे ठेवले, कोणी जाळली. म्हणून जी उरली ती मोलाची. "आणि जमवणाऱ्या माणसाला काय हवं असतं, काका? ज्याला कमीत कमी हात लागलाय ते. मूळ पॉलिश. मूळ पट्टी. मूळ भाग."

"आमी तर लय जीव लावला याले," मिस्त्री म्हणाले.

"तेच दिसतंय," ताई म्हणाल्या आणि बॅटरी घेऊन उठल्या.

झाकणाच्या आत कंपनीच्या नावाची पितळी पट्टी होती. गुळगुळीत. एक अक्षर नाही. "दर ईदले चिंच लावून घासते मी," अमिनाबी म्हणाल्या. थाळीवरचं कापड जीपच्या सीटचं निघालं. सुईच्या डबीतला आवाज काढणारा पडदा मिस्त्रींच्या वडिलांनी तुपाच्या डब्याच्या पत्र्यातून कापलेला. एक पाय पलंगाचा होता. दर शोधाबरोबर ताई "अच्छा" म्हणत होत्या आणि दर "अच्छा"बरोबर मिस्त्री खुर्चीत इंचभर खाली जात होते. फक्त सुईपाशी ताईंचा चेहरा खुलला. पोलादी सुया मिळेनाशा झाल्यावर या घरात बाभळीचा काटा लावत.

"हे उत्तम केलंत! काट्यानं तबकडी झिजत नाही. विलायतेतही काटे वापरायचे."

"धरमसिंगच्या शेताच्या धुऱ्यावरच्या बाभळीचा आहे," मिस्त्री म्हणाले आणि जीभ चावली. "म्हन्जे... मिळते तिकडं."

"मंग मूळचं राह्यलं काय, मॅडम?" त्यांनी शेवटी विचारलं.

"सांगाडा. भोंगा. मोटरचं ओतीव काम." ताई हळूच म्हणाल्या. "वाईट वाटून घेऊ नका."

मिस्त्रींना वाईट वाटलं, आणि भरपूर वाटलं. जन्मभर जीपखाली पडून ज्याचं गुणगान केलं, त्याची तीन पिढ्यांनी प्रेमानं वाट लावली होती. तेवढ्यात दारात जीप थांबली. ओळखीचा खोकला आला. धरमसिंग आत आले, पांढरा पटका, काखेत लाल कापडाची गुंडाळी. मागे चंदाबाई.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मिस्त्री फिजाला म्हणाले, "पाहुन्याले पानी दे." धरमसिंग चंदाबाईंना म्हणाले, "सांग, पानी नाही पाह्यजे. कामासाठी आलो, काम झालं का चाललो." आणि गुंडाळी त्यांनी थेट अर्पिताताईंच्या हातात ठेवली.

ताईंनी कापड सोडलं. दांडी बाहेर आली आणि ताई एकदम खुर्चीतून उठल्या. निकेल जसंच्या तसं. लाकडी मुठीवर मूळ पॉलिश. कडेला कंपनीची खूण, वाचता येईल अशी.

"अहो, हे तर कारखान्यातून कालच आल्यासारखं आहे! सगळ्यात आधी हँडलच हरवतं. घर बदलताना, पोरांच्या खेळात... मूळ हँडल मी फार क्वचित पाहिलंय. काय करता तुम्ही याला?"

"काही नाही करत," धरमसिंग म्हणाले. "कापडात राह्यते, पेटीत राह्यते. वर्साकाठी बाहीर निंगते. बाई, आमी अडानी मानसं. ज्यातलं समजत नाही त्याले हात लावत नाही."

हा टोला कोणाला होता ते सांगायची गरज नव्हती. मिस्त्रींची कानशिलं तापली. इतकं तेल, इतकं ग्रीस, इतकी चिंच घालून त्यांच्याकडचं सगळं वाया गेलं आणि ज्यानं पेटीत टाकून ठेवलं त्याचं अस्सल ठरलं. हा कुठला न्याय?

"एकदा वाजवून दाखवा ना," ताई म्हणाल्या. "तबकड्या कुठे आहेत? खाली का?" आणि मिस्त्री "थांबा" म्हणेपर्यंत त्या खालच्या कप्प्यासमोर बसल्या. पापडांचा डबा निघाला. शेवयांची पिशवी निघाली. तवे निघाले. त्यांच्यामागून पेपरची लांब गुंडाळी निघाली.

"हे काय? अरे, हे तर दुसरं हँडल! नवीन बनवलंय. डुप्लिकेट."

अमिनाबींनी नवऱ्याकडे पाहिलं, जसं लग्नापासून आजवर पाहिलं नव्हतं. धरमसिंगांचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग उतरला. रागावले असते तर मिस्त्रींना सोपं गेलं असतं.

पहिल्यांदाच ते सरळ मिस्त्रींशी बोलले. "बनवली?"

"बनवली." मिस्त्रींचा आवाज जीपखालून यावा तसा आला. "मेहनाजच्या लग्नानंतर. राग आलता मले. पन लावली नाही. अल्लाकसम, एकदाबी लावली नाही."

"मिस्त्री मानूस. दांडी बनवन अन् लावून पाह्यनार नाही? कोन मानीन?" धरमसिंगांनी जुनी दांडी उचलली आणि कापडात गुंडाळायला लागले. "चाल चंदा. आता माही काय गरज आहे इथं? नवी लावा, वाजवा."

चंदाबाई जागच्या हलल्या नाहीत. मिस्त्री उभे राहिले. जन्मात पहिल्यांदा त्यांच्याकडे मत नव्हतं. धरमसिंग उंबऱ्यापाशी पोचले होते.

अर्पिताताई बिचाऱ्या गोंधळल्या होत्या. त्या कपाटाच्या कुशीशी बसून बॅटरी मारत होत्या. "पण काका," त्या म्हणाल्या, "हँडल लावतात कुठं? याला भोकच नाहीये."

"उजव्या अंगाले," मिस्त्री म्हणाले.

"उजवीकडेच बघतेय. सपाट आहे."

मिस्त्री वाकले. धरमसिंग उंबऱ्यावरून मागे फिरले, तेही वाकले. दोन म्हातारी डोकी एकमेकांवर आपटली, पण कोणी हाय केलं नाही. कपाटाची उजवी कूस खालपासून वरपर्यंत पिस्ता रंगाची, एकसारखी, चकचकीत. धरमसिंगांनी बोट फिरवलं. जन्मभर ज्या जागी दांडी घातली ती जागा बोटाला डोळे मिटूनही सापडते. नखानं खरवडलं. पिस्ता रंगाचा पापुद्रा निघाला, त्याच्याखाली पांढरी, दगडासारखी सुकलेली लांबी.

"नागोराव," अमिनाबी म्हणाल्या. "म्हनला होता, एक भोक सोडलं नाही भाभी."

"लग्नाच्या आधीचा रंग आहे हा," चंदाबाई म्हणाल्या. "मी होती ना लग्नाच्या दिवशी, हात लागला तं रंग लुगड्याले लागलता."

धरमसिंग त्या जागेवर बोट ठेवून बसले. दांडी बनली लग्नानंतर आणि भोक बुजलं लग्नाच्या आधी. समोर बसलेल्या या बोलभांड माणसानं दांडी बनवली, दडवली, आणि भोक उघडं आहे की बंद हे पाहण्याइतकीसुद्धा ती कपाटाच्या कुशीला नेली नव्हती. धरमसिंगांचे डोळे भरून आले आणि ते लपवायला त्यांनी मोठ्यानं नाक शिंकरलं.

"येडा आहे तू," ते म्हणाले. "सालभर बनवून ठेवली, अन् लावाले तं भोकच नाही."

"मले काय मालूम," मिस्त्री म्हणाले. मग त्यांना वाटलं, आत्ता नाही बोललो तर पुन्हा होणार नाही. "धरमसिंग, मी त्या दिवशी बैलाचं बोललो ते लय वाईट बोललो. तोंडातून निंगालं अन् तवापासून मले झोप नाही नीट. तू लग्नाले नाही आला, ते मले मेल्यापर्यंत लागन."

"पोट दुखत होतं," धरमसिंग म्हणाले.

"खोटं," चंदाबाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर आणला आणि लांबी टोकरून काढली. अर्पिताताई श्वास रोखून बघत होत्या. शंभर वर्षांच्या लाकडात स्क्रूड्रायव्हर खुपसणारा माणूस त्यांनी बहुधा पाहिला नव्हता. भोक मोकळं झालं. धरमसिंगांनी दांडी घातली आणि फिरवायला लागले, हळू, कान कपाटाला लावून. मधेच थांबले.

"बस का?" त्यांनी विचारलं. आजवर तांड्यावरच्या कोणी दारव्हेवाल्याला हे विचारलं नव्हतं. चावी किती द्यायची हा दांडीवाल्याचा हक्क.

मिस्त्रींनीही कपाटाला कान लावला. "अजून दोन फेरे चालते. ग्रीस भरून आहे."

धरमसिंगांनी दोन फेरे दिले. थाळी फिरली, बाभळीचा काटा तव्यावर टेकला. आधी खूप वेळ तेलात फोडणी पडल्यासारखी चुरचुर, आणि मग कुठूनतरी लांबून एक बाई गायला लागली. शब्द तर दोघांच्या आजोबांच्या काळातच झिजले होते. अमिनाबींनी कपाटाची दोन्ही दारं सताड उघडली. बाहेर जीपजवळ उभा बादल आत डोकावला. अर्पिताताईंनी वही-पेन काढलं होतं ते तसंच मांडीवर राहिलं.

गाणं संपल्यावर त्या म्हणाल्या, "मी स्पष्ट बोलते. कपाटाचं जमवणाऱ्यांच्या हिशेबानं फार काही उरलेलं नाही. पण हे हँडल सोबत असेल तर मी दोन्ही आनंदानं घेईन, नीट सांभाळीन. फक्त दोन्ही एका जागी हवं. वेगवेगळं ठेवलं तर कशालाच अर्थ नाही."

मिस्त्रींनी धरमसिंगांकडे पाहिलं. तो हो म्हणाला तर?

"बाई," धरमसिंग म्हणाले, "एका जागी ठेवलं असतं तं आमी दोघं एका जागी कवा आलो असतो?"

ताईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, वही झोळीत ठेवली आणि अमिनाबींच्या हातच्या शेवयांची दुसरी वाटी मागून घेतली.

निघताना धरमसिंगांनी जुनी दांडी लाल कापडावर ठेवली. मग हात लांबवून नवी दांडीही उचलली, उलटीसुलटी करून पाहिली, मुठीवर अंगठा फिरवला. "काम चांगलं आहे," म्हणाले, आणि तीही त्याच कापडात गुंडाळून काखेत मारली.

"ते काहून नेऊन राह्यला?" मिस्त्री ओरडले. "माह्या हातची आहे ते!"

"म्हनूनच. तुह्या हाताचा भरोसा नाही."

इतर कोणत्याही दिवशी या वाक्यावर पुढची दोन वर्षं गेली असती. मिस्त्री जीपपर्यंत मागे गेले, दार लावून दिलं, टपावर थाप मारली.

"ईदले दोन्ही घेऊन येजो," ते म्हणाले. "अन् वाटी पूरी खाजो या वक्ती."